भिंतीतला समुद्र

सांडोरच्या एका जुन्या घराला तडा गेला. आजी म्हणते समुद्र, काका म्हणतात भूकंप, शेजारी म्हणतात डंपर. वीकेंडला केळी खायला गेलेली मी चक्क भूकंपशास्त्राच्या मागे लागले, त्याची ही गोष्ट.

भाईंदर सुटलं की लोकलमधले सगळे दोन मिनिटांसाठी मोबाइलमधून डोकं वर काढतात. वसईच्या खाडीचा पूल येतो, खारी हवा खिडकीतून आत घुसते आणि शेजारच्या सीटवरची कॉर्पोरेट बाईसुद्धा केस मोकळे सोडते. रविवारी सकाळी अंधेरीहून उलट्या दिशेची विरार पकडली तर बसायला जागाही मिळते. (होय, अशी विरार असते. पहाटे उठून बघा.) वसई रोडला उतरायचं, वेस्टला यायचं आणि वसईगावाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षेत चौथ्या सीटवर अंग चोरून बसायचं. स्टेशनबाहेरचा गोंगाट, मोबाइलची दुकानं, क्लासेसचे बोर्ड मागे पडतात आणि मधूनच केळीची पानं रस्त्यावर वाकायला लागतात. समजायचं, आता सांडोर जवळ आलं.

सांडोर म्हणजे वसईच्या जुन्या ख्रिस्ती गावांपैकी एक. सेंट थॉमस चर्च, अंगणातले क्रूस, कौलारू घरं, नारळ, केळी, विहिरी. आणि या सगळ्याच्या मधे मधे, दात पडलेल्या तोंडात सोन्याचा दात बसवावा तशा चकाचक चारमजली बिल्डिंगी. माझी कॉलेजातली मैत्रीण इथली. मास कॉमला आम्ही एकत्र होतो. ती आता जाहिरातीत आहे आणि मी फ्रीलान्सर, म्हणजे नेहमी कडकी. तिच्या घरी मी गेली आठ वर्षं जातेय, आणि खरं कारण सांगायचं तर जेवायला.

गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा मात्र जेवणाच्या टेबलावर जाम टेन्शन होतं. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला तडा गेला होता. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर चढत छतापर्यंत. आजीचा पलंग नेमका त्याच भिंतीला लागून.

आता तडा म्हणजे काय, गवंडी बोलवा, सिमेंट भरा, विषय संपला. पण इथे विषय तड्याचा नव्हताच. शेजारची वाडी गेली, तिथे बिल्डिंग उभी राहतेय. बिल्डर या घरासाठीही दोनदा येऊन गेलाय. काका, म्हणजे मैत्रिणीचे वडील, रेल्वेतून रिटायर झालेत. त्यांचं म्हणणं, हे घर आता धोक्याचं आहे, आईला घेऊन फ्लॅटमध्ये जाऊ. आजी म्हणते, मी इथून हलणार नाही.

“तडा भूकंपाने गेलाय,” काका म्हणाले. “डहाणूला इतकी वर्षं जमीन हलतेय, इथे काय होणार नाही?”

“समुद्र येतो भिंतीत,” आजी म्हणाली. “पावसाळ्यात मला कळतं. रात्री हात लावला की कळतं.”

“डंपर,” कुंपणापलीकडून शेजारचे काका ओरडले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मी हसले. मग घरी जाताना लोकलमध्ये विचार करत बसले की खरंच, या तिघांतलं बरोबर कोण? आणि हे कळणार कसं?

पहिल्यांदा काकांची थिअरी. डहाणूचं ते खोटं बोलत नव्हते. नोव्हेंबर २०१८ पासून याच पालघर जिल्ह्यात, डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. एक मोठा आणि मग त्याचे आफ्टरशॉक, असा हा प्रकार नव्हता. छोटे छोटे, शेकड्यांनी, मधूनच चारच्या वरचा एखादा. शास्त्रज्ञ याला भूकंपांचा थवा म्हणतात. काकांचा रेल्वेतला एक दोस्त तिकडचा. त्या थंडीत तो महिनाभर अंगणात झोपला, बायका-मुलांसकट. प्रशासनाने तंबू दिले, शाळा उघड्यावर भरल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, तिथे यंत्रं लावली. काकांनी ही सगळी कात्रणं जपून ठेवलीयत, प्लास्टिकच्या फाइलमध्ये, तारीखवार. रेल्वेचा माणूस.

पण धुंदलवाडी इथून खूप उत्तरेला आहे. चार रिश्टरचा धक्का तिथल्या कच्च्या भिंतींचं नुकसान करतो. सांडोरपर्यंत पोचेतो त्याचा जीव बराच गेलेला असतो. शिवाय काकांनीच सांगितलं की तडा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो यंदाच्या जानेवारीत.

“मग २००१?” ते म्हणाले. “भूजचा? सव्वीस जानेवारी, झेंडावंदनाची वेळ. हा वरचा दिवा झुलत होता. मागच्या बावखलातलं पाणी हिंदकळून काठावर आलं, मी डोळ्याने बघितलं.”

बावखल हा वसईचा खास शब्द. वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, पाऊस साठवणारं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवणारं. दूरच्या भूकंपात तळ्याचं पाणी हिंदकळतं हे अगदी खरं आहे. १७५५ साली पोर्तुगालात लिस्बनला भूकंप झाला तेव्हा थेट स्कॉटलंडमधल्या तळ्यांचं पाणी वरखाली झालं होतं. मोठ्या भूकंपाच्या लांब, संथ लहरी पृथ्वीच्या पाठीवरून हजारो किलोमीटर जातात. माणसाला त्या जाणवत नाहीत, तळ्याला जाणवतात. काकांचं बावखल म्हणजे फुकटचं भूकंपमापक यंत्रच होतं म्हणा ना! होतं, म्हणजे आता नाही. २०१० नंतर कधीतरी ते बुजवलं गेलं. तिथे आता पार्किंग आहे.

मी ओळखीच्या एका सरांना फोन लावला. ते भूगर्भशास्त्र शिकवायचे, आता रिटायर आहेत आणि फोनवर तासभर बोलू शकतात. त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, “नारळ घेताना काय करतेस?”

मी काहीच करत नाही, ऑनलाइन मागवते. पण आजी काय करते ते मला माहीत होतं. कानाशी धरून हलवते, मग बोटाने टिचकी मारते. आत पाणी किती, खोबरं कसं, सगळं न फोडता कळतं.

“पृथ्वी म्हणजे तोच नारळ,” सर म्हणाले. “फक्त टिचकी आपण नाही मारत. ती भूकंप मारतो.”

फंडा असा आहे. भूकंप झाला की त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात. एक प्रकार ढकलत, दाबत जातो, तो लवकर पोचतो. दुसरा बाजूला हलवत जातो, तो मागून येतो, आणि द्रव पदार्थातून त्याला जाताच येत नाही. १२ जून १८९७ ला आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणातला रिचर्ड ओल्डहॅम हा ब्रिटिश अधिकारी त्याचा अभ्यास करत होता. युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या रेघांतून त्याने या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या आणि अशाच नोंदींवरून १९०६ साली सांगितलं की पृथ्वीच्या आत एक वेगळा गाभा आहे. पुढे १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान या बाईंनी त्या गाभ्याच्या आत आणखी एक घट्ट गाभा शोधला. बाहेरचा गाभा सुरू होतो सुमारे २,९०० किलोमीटर खाली. तिथे कोणी गेलेलं नाही, जाणारही नाही. आपल्या कोयनेला, जिथे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने हाहाकार उडवला, तिथे एवढी वर्षं अभ्यास करून, एवढे पैसे ओतून शास्त्रज्ञांनी भोक पाडलं ते तीन किलोमीटरचं. सव्वा किलोमीटर काळा बेसॉल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइट. त्याच्या खालचं सगळं टिचकीवरच चाललंय. १९७० च्या दशकात एनजीआरआयने गुहागरपासून घाटावर चोरोचीपर्यंत सुरुंग लावून अशी टिचकी मुद्दाम मारून पाहिली होती. कोकणाखालचं कवच चाळीसेक किलोमीटर जाड आहे, हे त्यातून कळलं.

हे सगळं भन्नाट आहे, पण माझ्या तड्याचं काय? मी सरांना आजीचं वाक्य सांगितलं. समुद्र भिंतीत येतो. मला वाटलं ते हसतील.

ते हसले नाहीत. म्हणाले, “कुलाब्याला जे बॅनर्जी होऊन गेले, त्यांचं काम वाच.”

इथून मला खरा चस्का लागला.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली, १८२६ ची. चुंबकीय नोंदींसाठी जगात नावाजलेली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय यंत्रं समुद्रापलीकडे अलिबागला हलवावी लागली, कारण ट्रामची वीज त्यांना हैराण करणार होती. (ट्राफिकमुळे ऑफिस शिफ्ट करणारी मुंबईतली ही पहिलीच संस्था असावी.) भूकंपमापक मात्र कुलाब्याला राहिलं. १९२० च्या दशकात तिथे संचालक होते सुधांशु कुमार बॅनर्जी. त्यांच्यापुढे एक कटकट होती. भूकंप नसतानाही यंत्राची रेघ थरथरायची. बारीक, एकसारखी, काही सेकंदांच्या ठेक्यात. जून आला की थरथर वाढायची, पावसाळाभर चालायची आणि पाऊस गेला की मंदावायची. कुठे समुद्रात वादळ उठलं की तेव्हाही.

दुसऱ्या कोणी ती कटकट म्हणून सोडून दिली असती. आपण नाही का, ऑफिसातल्या एसीच्या घरघरीकडे दुर्लक्ष करतो. बॅनर्जींनी त्या घरघरीचाच अभ्यास केला आणि १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर मोठा निबंध छापला. हिंदी समुद्रातल्या खराब हवामानाबरोबर येणाऱ्या सूक्ष्म कंपनांवर. थोडक्यात, मान्सूनचा समुद्र खवळला की जमीन थरथरते, आणि ती थरथर कुलाब्यात बसून मोजता येते. हे बॅनर्जी पुढे १९४४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले.

म्हणजे आजी बरोबर?

थांबा. एक मोठी अडचण होती. लाट ही वरवरची गोष्ट. पाण्यात थोडं खाली गेलात की ती जाणवत नाही, पाणबुड्यांना विचारा. मग खोल समुद्रातल्या लाटा तळाला कशा हलवणार? हे कोडं नीट सुटलं १९५० मध्ये. ब्रिटनचा मायकेल लाँगे-हिगिन्स, तेव्हा विशीतला. (माझ्याहून लहान. मी त्या वयात रेस्टॉरंट रिव्ह्यू लिहीत होते.) त्याने दाखवलं की एकाच ठेक्याच्या दोन लाटा समोरासमोरून आल्या, की गंमत होते. पाणी पुढे जात नाही, जागच्या जागी वरखाली होतं. त्या प्रत्येक वरखालीत तळावरचा दाब दोनदा बदलतो, आणि हा दाब खोलीबरोबर मरत नाही. थेट तळापर्यंत पोचतो. किनाऱ्यावर आपटून परतणाऱ्या लाटा आणि मागून येणाऱ्या लाटा भिडल्या, किंवा वादळात वेगवेगळ्या दिशांच्या लाटा एकमेकींवर चढल्या, की समुद्र तळावर ठोके द्यायला लागतो. दहा सेकंदांची लाट असेल तर पाच सेकंदांचा ठोका. जगातली सगळी भूकंपमापकं हे ठोके रात्रंदिवस ऐकत असतात.

आणि आता तर याच गोंगाटाचा उपयोग करतात. २००५ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी दोन यंत्रांवरचा गोंगाट एकमेकांशी ताडून, त्यांच्यामधल्या जमिनीचं चित्र काढायची युक्ती जमवली. भूकंपाची वाट बघायची गरजच नाही. समुद्र सतत टिचक्या मारतोच आहे.

मी जुलैत परत गेले. मुद्दाम उधाणाचा दिवस बघून. आदल्या दिवशी रेड अलर्ट होता, बॉस नाही म्हणून सुट्टीचा प्रश्न नव्हता (फ्रीलान्सिंगचा हा एकच फायदा), फक्त डेडलाइन होती आणि ती मी मोडली. संध्याकाळी आम्ही दोघी स्कूटीवरून सुरुची बीचला गेलो. सुरूच्या झाडांमागे समुद्र चहासारखा दिसत होता, गढूळ, फेसाळ. किनाऱ्याला येणारी लाट, परत फिरणारी लाट, दोन्ही एकमेकींना भिडून सरळ उभ्या राहत होत्या. लाँगे-हिगिन्सचं गणित डोळ्यांसमोर! मैत्रीण म्हणाली, “तू समुद्र बघायला आलीस की पेपर तपासायला?”

वाटेत पाचूबंदरला थांबलो. होड्या वर ओढलेल्या, जाळी झाकलेली, बंदीचा सीझन. एका कोळी दादांना मी समुद्राच्या तळाबद्दल विचारलं तर ते लगेच सर्व्हेच्या जहाजांवर आले. तेही टिचकीचंच प्रकरण आहे. तेल आणि वायू शोधणारी जहाजं मागे काही किलोमीटर लांब केबल ओढतात, दाबलेली हवा पाण्यात फोडून धडाका करतात आणि तळाखालच्या थरांवरून परत येणारा आवाज टिपतात. मुंबई हाय असंच सापडलं. १९६० च्या दशकात रशियन मदतीने समुद्रात सर्व्हे झाला, १९७४ मध्ये तेल लागलं. आणि दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, जवळच वायूचं मोठं क्षेत्र सापडलं. त्याचं नाव काय माहितीये? बसीन. म्हणजे वसई! तेलवाल्यांच्या नकाशांवर तिथल्या चुनखडीच्या थरालाही बसीन हेच नाव आहे. तिथला वायू समुद्रतळावरच्या पाइपलाइनने गुजरातेत हजिऱ्याला जातो.

“नाव आमचं,” दादा म्हणाले, “आणि सर्व्हे असला की आम्हालाच सांगतात, तिकडे जाळी टाकू नका. भर सीझनला. माझी एक जाळी त्यांच्या केबलीत गेली, तिचे पैसे अजून यायचेत.” या भागातल्या मच्छिमारांचं हे दुखणं जुनं आहे. समुद्राच्या पोटातलं शोधायचं तर पाठीवर जगणाऱ्यांनी बाजूला व्हायचं, असा हिशेब. मला यावर काही हुशार उत्तर सुचलं नाही.

रात्री घरी आलो तर आजी जागीच होती. दिवे गेले होते. मी माझा प्रयोग काढला. मोबाइलमध्ये कंपनं दाखवणारं एक फुकटचं अ‍ॅप टाकलं होतं. फोन भिंतीला टेकवून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आम्ही तिघी मेणबत्तीच्या उजेडात त्या हिरव्या रेघेकडे बघत बसलो. काकाही दारात येऊन उभे राहिले, आपल्याला इंटरेस्ट नाही असं दाखवत.

रेघ सपाट. मी जागेवर उडी मारली, रेघ उडाली. परत सपाट.

“तुमचा समुद्र काही दिसत नाही, आजी,” मी म्हटलं.

दिसणार नव्हताच, हे मला सरांनी आधीच सांगितलं होतं. पावसाळ्यातल्या त्या थरथरीत जमीन हलते काही मायक्रॉन. आपल्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन, त्यावरून कल्पना करा. आणि तीही पाच-सहा सेकंदांत एकदा, हळूहळू. मोबाइलमधल्या चिपचा स्वतःचाच गोंगाट त्याहून जास्त असतो. माणसाच्या हाताला तर हे कळणं अशक्य. आजीला जे ऐकू येत होतं ते हवेतून येणारं समुद्राचं गाजणं असावं, जुन्या खिडकीची थरथरती काच असावी. मी तिला हे समजावून सांगितलं, जरा घाबरतच. जमीन समुद्राने हलते हे खरं, पण तुम्हाला ते हाताने कळणं खरं नाही.

आजीने ऐकून घेतलं. म्हणाली, “पण हलते ना?”

“हलते.”

“मग झालं.”

तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून एक डंपर गेला. रात्रीचे साडेअकरा, पावसात, शेजारच्या साइटला खडी घेऊन. रस्त्यातल्या खड्ड्यात तो धाडकन आदळला आणि स्क्रीनवरची रेघ वर-खाली वर-खाली नाचली. काका दारातून आत आले आणि फोनवर वाकले. दहा मिनिटांनी तो डंपर रिकामा परत गेला. पुन्हा तेच. काकांनी खिशातून पेन काढून वेळ लिहून ठेवली. म्हटलं ना, रेल्वेचा माणूस.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी वसईचा इतिहास चाळत बसले होते आणि एका जागी अडकलेच. मे १६१८. वसई तेव्हा पोर्तुगीजांची. जुन्या वृत्तांतांत वर्णन आहे की आभाळ भरून आलं, वारा सुटला, समुद्र शहरात शिरला, चर्च आणि मठ मोडले, लोकांना वाटलं आता शहरच गिळलं जाणार. आणि भूकंपांच्या जुन्या याद्या बघाल तर मे १६१८ लाच मुंबईच्या नावावर भूकंप लावलेला आहे, दोन हजार माणसं दगावल्याच्या नोंदीसह. अलीकडच्या बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे की तो भूकंप नव्हताच, ते चक्रीवादळ होतं, यादी करणाऱ्यांचा घोळ झाला. चारशे वर्षांपूर्वीचा प्रश्नही आमच्या जेवणाच्या टेबलावरचाच होता तर! घर पाडलं कोणी, समुद्राने की जमिनीने? आणि हा प्रश्न नुसता टाइमपास नाही. मुंबईला भूकंपाचा धोका किती हे ठरवताना अशा एकेका जुन्या नोंदीचं वजन पडतं, त्यावरून बिल्डिंगी किती मजबूत बांधायच्या ते ठरतं.

सरांनी शेवटच्या फोनवर मला आणखी एक गोष्ट सांगितली. तिचा तड्याशी संबंध नाही, पण ती माझ्या डोक्यातून जात नाही. सुमात्राजवळच्या नियास बेटापाशी समुद्राखाली छोटे भूकंप होतात, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी, अगदी तसेच. त्यांचा आवाज समुद्राच्या पाण्यातून निघतो आणि सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या दिएगो गार्सिया बेटावर अर्ध्या तासाने पोचतो. पाणी गरम झालं की त्यातून आवाज जरा जोरात धावतो. म्हणजे आज अमुक वेळात पोचलेला आवाज दहा वर्षांनी किंचित आधी पोचला, तर मधलं पाणी तापलंय. भूकंपाचा थर्मामीटर! अमेरिका आणि चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २००५ ते २०१६ मधले असे जुळे भूकंप तपासले आणि २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलं की तिथला हिंदी महासागर दर दशकाला ०.०४४ अंशाने तापतोय. आकडा फालतू वाटतो. पण हे खोल पाण्यासकट सगळ्या पाण्याचं मोजमाप आहे, आणि तोवरच्या अंदाजांपेक्षा ते जास्त निघालं. एवढं अफाट पाणी एवढंसं तापवायलाही किती उष्णता लागत असेल! तो हिंदी महासागर आणि सुरुचीचा चहाच्या रंगाचा समुद्र, पाणी शेवटी एकच. सांडोरच्या विहिरींचं पाणी मचूळ होत चाललंय असं आजी गेली काही वर्षं सांगतेय. ते बावखलं बुजवल्याने, बोअरवेलच्या उपशाने की चढत्या समुद्राने, यावरही टेबलावर वाद होऊ शकतो.

सरांना मी फारच आवडले असणार, कारण त्यांनी २०२० च्या लॉकडाऊनचंही सांगितलं. गाड्या, ट्रेन, कारखाने थांबले तेव्हा जगभरच्या भूकंपमापकांवरचा माणसांचा गोंगाट निम्म्यापर्यंत खाली आला होता. एरवी आपण सगळे मिळून जमीन हलवत असतो. सकाळी आठ छप्पनची लोकलसुद्धा.

तड्याचं पुढे काय झालं ते सांगते. जूनमध्येच मैत्रिणीने एका इंजिनियरला बोलावलं होतं. त्याने काही दुरुस्ती केली नाही. तड्यावर आडवी काचेची एक बारीक पट्टी ठेवली, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली, १४ जून. तडा वाढत असेल तर काच तुटेल, नाही तर तशीच राहील. बस्स. एवढ्या सॅटेलाइट आणि चिपच्या जमान्यात दोन रुपयांची काच!

जून गेला, काच शाबूत. जुलैचं उधाण गेलं, शाबूत. ऑगस्टमध्ये तीन दिवस धो धो, शाबूत. मला मैत्रिणीचे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे, काचेचे, रोज, आजी तिला पाठवायला लावायची. मोतमावलीच्या जत्रेच्या आठवड्यात आजी स्वतः फोनवर आली. “समुद्राने काय केलं नाही बघ. मी कधी म्हटलं समुद्राने भिंत फोडली? मी म्हटलं, येतो.”

पावसाळ्यात बांधकाम बहुतेक बंदच होतं, साइटवर पाणी भरलं होतं, म्हणून खेपाही कमी होत्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काम पुन्हा जोरात सुरू झालं. अकरा तारखेला सकाळी फोटो आला. काच मधोमध तुटली होती, सरळ रेघेत.

इंजिनियर म्हणाला, यावरून लगेच डंपरला फाशी देऊ नका. धडधाकट घराला डंपर असा तडा पाडत नाही. शेजारच्या खोदाईने या कोपऱ्याखालची माती सैल झाली असेल, पाया खचत असेल आणि डंपर त्याला हातभार लावत असेल. आधी पायाला आधार द्या, मग भिंत शिवा. खर्च येईल, पण घर पाडण्याइतकं काही झालेलं नाही.

काकांनी बिल्डरला अजून नाही म्हटलेलं नाही. होही म्हटलेलं नाही. त्यांनी एक अर्ज लिहिलाय, रात्रीच्या खडीच्या खेपा बंद करा म्हणून. सोबत जुलैपासूनच्या डंपरच्या वेळा, तक्त्यात, दोन पानं. आणि दोन फोटो, काच तुटण्याआधीचा आणि नंतरचा. दुसरीकडे आजीने पलंग हलवू दिलेला नाही. तिने फक्त उशी दुसऱ्या टोकाला केलीय.